डाव्या हाताचा आशीर्वाद

कला महाविद्यालयात सरांना त्यांच्या पाठीमागे सगळे 'डावे सर' म्हणत. राजकारणाशी याचा काडीचा संबंध नव्हता. राजकारणाचा विषय निघाला की सर चष्मा काढून पुसायला घेत आणि विषय संपेपर्यंत पुसत राहत. हे नाव पडलं होतं एका चित्रामुळे.

सर कलेचा इतिहास शिकवायचे. विद्यार्थ्यांच्या लेखी तो हक्काच्या झोपेचा तास. काळे पडदे ओढले, प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरायला लागला, तापलेल्या धुळीचा वास सुटला की मागच्या बाकांवरची मंडळी माना टाकत. पण वर्षातून एकदा ते चित्र भिंतीवर यायचं आणि सरांचा आवाज बदलायचा. एरवी पुटपुटणारा हा माणूस त्या तासाला खडूने टेबल बडवायचा. झोपलेले दचकून उठायचे, आणि काही तर चित्र बघायचेसुद्धा.

चित्र प्रबोधनकाळातलं, एका दुय्यम चित्रकाराचं. जाड ग्रंथांत ज्याला तळटीपेपुरती जागा मिळते अशांपैकी एक. मधोमध उंच आसनावर आई, तिच्या मांडीवर उघडंनागडं गुटगुटीत बाळ, हात उचलून आशीर्वाद देणारं. भोवती संत. एका बाजूला दाढीवाला म्हातारा, हातात किल्ली. दुसऱ्या बाजूला एक तरुण बाई, मोडक्या चाकाला टेकलेली. मागे बाणांनी टोचलेला एक तरुण, चेहरा असा की बाण जणू दुसऱ्याच कोणाला लागलेत. लग्नाच्या फोटोत नातेवाईक उभे राहतात तसे सगळे. एका चौकटीत, पण कोणाचं कोणाकडे लक्ष नाही.

असल्या चित्रांचे कायदे ठरलेले असतात. आईच्या उजव्या हाताची जागा मानाची, आणि किल्लीवाला बहुधा तिथेच सापडतो. बाळ आशीर्वाद देतं ते उजव्या हाताने. सरांच्या स्लाईडमध्ये मात्र सगळाच उफराटा कारभार होता. किल्लीवाला डावीकडे ढकललेला, मानाच्या जागी चाकवाली बाई, आणि बाळाचा वर गेलेला हात डावा. अशा वेळी एखाद्या शहाण्या माणसाने काय केलं असतं? स्लाईड काढून, उलटून, परत घातली असती. सरांनी सिद्धान्त मांडला.

सिद्धान्त असा, की हा चित्रकार बंडखोर होता. सत्तेची किल्ली धरणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने मानाच्या जागेवरून उठवलं, तिथे एका बाईला उभं केलं, आणि वर बाळाकडून डाव्या हाताचा आशीर्वाद देववून सगळ्या व्यवस्थेची खोड मोडली. मूर्तिकला शिकवणारे मास्तर एकदा दारातून हे ऐकत उभे होते. हाताला माती तशीच होती. ते म्हणाले, "सर, स्लाईड एकदा पालथी घालून बघा की."

सर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला स्लाईड दिसते. मला चित्र दिसतं."

मास्तर हात धुवायला निघून गेले. स्लाईडच्या कोपऱ्यावर, ती कशी घालायची हे कळावं म्हणून, लाल कागदाचा ठिपका चिकटवलेला होता. तो नोकरी लागल्या लागल्या सरांनी स्वतःच थुंकी लावून चिकटवला होता, त्यामुळे त्याच्याबद्दल शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. पुढे सरांनी या विषयावर छोटंसं पुस्तक लिहिलं. एका परदेशी ग्रंथात हेच चित्र सुलट छापलेलं बघून त्यांना इतका संताप आला की त्यांनी प्रकाशकाला कडक पत्र धाडलं. प्रकाशक भला माणूस असावा. पुढच्या आवृत्तीत त्याने सरांचे आभार मानून चित्र उलटं छापलं. तेव्हापासून फोनवर शोधलं तरी त्या ग्रंथातलाच फोटो समोर यायला लागला. दुय्यम चित्रकाराच्या वाटेला जायला आणखी कोणाला वेळ नव्हता.

आता खरं सांगायचं तर बंड हा सरांचा प्रांतच नव्हे. सरांनी उभ्या जन्मात कोणाला तोंडावर 'नाही' म्हटलं नाही. शेजाऱ्याने त्यांच्या दारात कुंड्यांची रांग मांडली तेव्हा सरांनी त्याला घरात बोलावून, चहा पाजून, एका चित्रातली मोकळी जागा किती बोलकी आहे ते समजावलं. शेजाऱ्याला ते फार आवडलं. त्याने आणखी दोन कुंड्या आणल्या.

एकदाच सरांचा बाण बरोबर लागला, आणि तो याच चित्राच्या जोरावर. सरांची मुलगी तेव्हा लहान होती, डावखुरी. सरांची आई, म्हणजे मुलीची आजी, करड्या शिस्तीची बाई. नातीने डाव्या हातात पेन्सिल धरली रे धरली की आजी ती काढून उजव्या हातात द्यायची. मारायची नाही, ओरडायची नाही. नुसती पेन्सिल बदलायची, दिवसभर, न थकता. मुलगी मुक्याने रडायची. आईला काही बोलायची सरांची छाती नव्हती. शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी कॉलेजातला प्रोजेक्टर घरी आणला, खिडक्यांना चादरी लावल्या आणि आईला समोर बसवून भिंतीवर ते चित्र लावलं.

"आई, बघ. देवाचं बाळ आहे. कुठल्या हाताने आशीर्वाद देतंय?"

आजीने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "त्याच्या आईचं लक्ष नाहीये, म्हणून चाललंय त्याचं."

पण त्या दिवसापासून तिने पेन्सिलीला हात लावला नाही. देवाच्या पोराशी वाद कोण घालत बसणार, असा विचार तिने केला असावा. मुलगी डाव्या हाताने लिहीत लिहीत मोठी झाली आणि दातांची डॉक्टर झाली. ती रोग्याच्या खुर्चीच्या दुसऱ्याच बाजूला उभी राहून काम करते. नवीन रोगी सुरुवातीला जरा बिचकतात. दवाखान्यात, हात धुवायच्या बेसिनवर, वडिलांच्या पुस्तकातलं ते चित्र तिने फ्रेम करून लावलं होतं.

सर निवृत्त झाले, बायको गेली, आणि ते मुलीकडे राहायला आले. संध्याकाळी नातीला शेजारी बसवून चित्रं दाखवायची, हे त्यांचं नवं महाविद्यालय. पहिला धडा कॉलेजात होता तोच. चित्रातला उजवा म्हणजे चित्रातल्या माणसाचा उजवा, आपला नव्हे. नात हुशार, पहिल्या दिवसातच तिला ते पाठ झालं.

नातही डावखुरी निघाली. आणि नव्या शाळेत गेल्यापासून तिची वही बिघडायला लागली. अक्षरं वाकडी, ओळी घसरलेल्या, कागद खोडून खोडून फाटलेला. खोदून विचारल्यावर कळलं की वर्गातल्या बाई तिला उजव्या हाताने लिहायला लावतात. झोपताना पोरगी उजवं मनगट चोळत बसायची. जेवतानाही डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लागली.

"मी उद्याच बाईंना भेटते," मुलगी म्हणाली.

"नुसतं जाऊन काय बोलणार?" सर म्हणाले. "त्या विचारतील, आधार काय? आधी पोरीला चित्र दाखवू. तिचा धीर बांधला जाईल. मग मी मुद्देसूद बोलतो बाईंशी."

मुलीला हे पटलं. कसं पटणार नाही? ती स्वतः याच औषधाने बरी झाली होती. सरांनी पुस्तक उघडून नातीसमोर धरलं. नातीने चित्र बघितलं, आजोबांकडे बघितलं, पुस्तकावरचं आजोबांचं नाव बघितलं, आणि म्हणाली, "हे तुम्हीच छापलंय ना? खरं कुठे आहे?"

खरं चित्र होतं दूरच्या एका लहान गावातल्या संग्रहालयात, कोण्या संस्थानिकाने परदेशातून आणलेलं. सरांनीही ते कधी बघितलेलं नव्हतं. ज्याच्यावर पुस्तक लिहिलं त्याला भेटायला कशाला जायचं, असं बहुतेक. बेत ठरला. मग दवाखान्यातली गर्दी आडवी आली, मग जावयाची सुट्टी, मग नातीचा ताप. शाळेचं सत्र पुढे सरकत राहिलं आणि पोरगी मनगट चोळत राहिली. सर मात्र खुशीत होते. रोज संध्याकाळी नव्या उत्साहाने ते तिला चाकवालीची, बाणवाल्याची, किल्लीवाल्याची गोष्ट सांगत.

शेवटी एकदाची ती तिघं त्या गावात पोचली. संग्रहालय म्हणजे बाजाराच्या मागचं एक जुनं दुमजली घर. मुलगी आणि नात खाली सामान ठेवायला थांबल्या. सरांना दम कुठला. ते जिना चढून एकटेच वर गेले. वरच्या खोलीत खिडकीला पातळ पडदा, कोपऱ्यात हवेतली ओल मोजणारा डबा, खुर्चीत पेंगणारा पहारेकरी, आणि समोरच्या भिंतीवर चित्र.

चित्र उलटं होतं.

किल्लीवाला आईच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी, ऐसपैस उभा होता. चाकवाली डावीकडे. आणि बाळाचा वर केलेला हात, गुबगुबीत, रंगाला बारीक तडे गेलेला, चांगला उजवा होता. सर पुढे गेले, मागे आले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग अत्यंत सौम्य आवाजात पहारेकऱ्याला म्हणाले, "अहो, हे चित्र उलटं लागलंय."

पहारेकऱ्याने एक डोळा उघडला. "आजोबा, लाकडाच्या फळीवर रंगवलंय ते. उलटं लावलं तर मागची फळी दिसेल."

सरांना तेव्हा कळलं. एका क्षणात लाल ठिपका, मास्तरांचे मातीचे हात, प्रकाशकाचे आभार, खडूने बडवलेली टेबलं, सगळं डोळ्यांसमोर आलं. बंडखोर चित्रकार नावाचा कोणी नव्हताच. होता एक आज्ञाधारक कारागीर, ज्याने किल्लीवाल्याला किल्लीवाल्याच्या जागी उभं केलं, उजेड नेहमीच्या बाजूने पाडला आणि आपली मजुरी घेऊन तो घरी गेला. सरांना त्याचा राग आला. मग जिन्यावर पावलं वाजताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं.

मुलगी आत आली आणि दारातच थबकली. दिवसभर आरशातून लोकांच्या तोंडात बघणारी बाई ती. कोणाचा उजवा कोणता हे कळायला तिला श्वासभरही वेळ लागत नाही. तिने चित्राकडे बघितलं, मग वडिलांकडे बघितलं. नात धावत पुढे आली, चित्रासमोर बांधलेल्या दोरीला पोट टेकवून उभी राहिली आणि मान वर करून बघायला लागली. सर मनातल्या मनात म्हणत होते, हिला तो धडा शिकवला नसता तर किती बरं झालं असतं.

"आजोबा," नात म्हणाली, "हा उजवा आहे."

"हो."

"तुमच्या पुस्तकात डावा होता."

"हो."

नातीने पुन्हा बाळाकडे बघितलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे याचा पण बदलला."

पहारेकरीसुद्धा सरळ बसला. सरांनी आजवर या चित्राचे नाना अर्थ ऐकले होते, वाचले होते, स्वतः रचले होते. असा अर्थ लावायला मनगट दुखावं लागतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच सरांना सहन होईना. देवाचंही पोर सुटलं नाही, मग आपण कोण, असं तिने मुकाट्याने मान्य करून टाकलं होतं.

"नाही गं," सर म्हणाले. "त्याचा कोणी बदलला नाही. तो पहिल्यापासून असाच आहे. मीच उलटा बघत होतो."

"किती दिवस?"

"तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून."

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"एकाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

नातीने हे जरा वेळ तोलून बघितलं. मग तिने सरळ प्रश्न विचारला, "मग आता मी कुठल्या हाताने लिहू?"

सरांनी सवयीने चित्राकडे बघितलं. आई दुसरीकडेच बघत होती, संत आपापल्या नादात होते, आणि बाळाने उजवा हात वर केलेला होता. तिथून काही मदत मिळण्यासारखी नव्हती. "बघू," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर नात चौकातल्या कारंज्याच्या कडेने चालत राहिली आणि बापलेक बाकावर बसले. "स्लाईड उलटी होती का हो, बाबा?" मुलीने विचारलं.

"हो."

मुलगी हसायला लागली. आधी ओठ दाबून, मग मोकळी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे आजीला आपण चक्क फसवलं."

"मी फसवलं. तू लहान होतीस."

"आणि मी त्या हाताच्या भरवशावर लोकांचे दात उपटत आले," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. मग तिचं हसू ओसरलं. तिने नातीकडे बघितलं. "बाबा, तुम्ही तिला 'बघू' म्हणालात."

"मग काय म्हणू? आता आधार काय राहिला?"

परतीच्या बसमध्ये सरांचं डोकं पुन्हा चालायला लागलं. मोडलेल्या सिद्धान्ताची लाकडं गोळा करून दुसरा मांडव घालायची खोड काही एका दिवसात जात नाही. चित्रकार परंपरेला शरण गेला होता खरा, पण त्या शरणागतीतही एक छुपं दुःख दिसत नाही का? आईची नजर बघा. तिथे काहीतरी आहे. सर खिडकीच्या काचेवर बोटाने आसन, आई, बाळ अशी आकृती काढायला लागले. शेजारी नात झोपली होती, तोंड उघडं, डावा हात मांडीखाली दाबलेला. झोपेतही दाबलेला. सरांनी काच बाहीने पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले. बरोबर पुस्तक नाही, चित्र नाही, काही नाही. हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळेना. वर्गाच्या बाहेर बाई भेटल्या. तरुण, घाईत, बोटांना खडू.

"तुम्ही आजोबा ना? तिच्याकडून ऐकलंय तुमच्याबद्दल. तुमच्याकडे कसलंसं चित्र आहे म्हणे."

"ते चित्र उजव्या हाताचं आहे," सर म्हणाले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखी त्यांची गत झाली होती. "माझ्याकडे आधार काही नाही. तिला डाव्या हाताने लिहू द्या. तिचं मनगट दुखतं."

आता वाद होणार. सरांनी दोन्ही हात मागे बांधून घेतले.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "अहो, मग आधी सांगायचं. एका बाकावर दोघी बसतात, हिचं कोपर शेजारणीला लागतं, ती रोज रडते. मी म्हटलं, उजव्याने लिहून बघू. घरून कोणी काही बोललं नाही, म्हणजे तुम्हालाही तेच हवं असेल असं वाटलं. बाकाच्या डाव्या टोकाला बसवते तिला. झालं."

आणि त्या वर्गात गेल्यासुद्धा. सरांचं तोंड अजून उघडंच होतं. खिडकीतून त्यांना दिसलं, बाईंनी नातीला उठवलं, शेजारणीला आत सरकवलं, नातीला कडेला बसवलं. नातीने विचारल्यासारखं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. पोरीने पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि वहीवर अशी वाकली की पुन्हा वर बघितलंच नाही.

सर व्हरांड्यात उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती, खरीखुरी, कान तापवणारी. सिद्धान्त खोटा निघाला त्याचीही एवढी वाटली नव्हती. सगळं सत्रभर पोर कोणीतरी येऊन दोन शब्द बोलेल म्हणून थांबली होती, आणि तो कोणीतरी रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून तिला चित्रांचे अर्थ सांगत होता.